नणंदेचं नाव

बोर्डीत कुणाला कळू नये म्हणून मी दंडावरचा बधिर चट्टा दाखवायला डहाणूच्या दवाखान्यात गेले. नाव विचारल्यावर घाबरून तोंडात आलं ते नणंदेचं, श्रुतिकाचं. पत्ता मात्र खरा दिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कुष्ठरोग्याचं नाव सरकारी नोंदवहीत जातं, मग माणूस घरी येतो, हे सांगताना त्या मेल्याची दातखीळ बसली होती का?

पंधरा दिवसांनी श्रुतिकाला बघायला पाहुणे आले होते. ओट्याला सायकल टेकवून एक माणूस थेट आत आला. काखेतली वही त्याने उघडली.

"आरोग्य खात्यातून आलोय. श्रुतिका कोण?"

मला ओरडायचं होतं.

चहाचा ट्रे खाली ठेवून श्रुतिका पुढे झाली. "मीच."