अकरा तासांवरचं विद्यापीठ

पुडक्यांवरची पट्टी काळी झालेली नव्हती. बाईंनी दोनदा पाहिलं, चष्मा वर सरकवून तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मग राहवेना म्हणून बोलल्याच.

"सर, ही पुडकी वाफेतून निघालेली नाहीत."

काचेच्या कपाटापुढे पंचवीस-तीस माणसं उभी होती. विद्यापीठाने ज्यांना प्रवेश देऊ केला होता त्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना प्रयोगशाळा दाखवण्याचा तो दिवस होता. या कपाटातलं प्रत्येक साधन निर्जंतुक करून तयार ठेवलेलं असतं, असं विभागप्रमुख नुकतंच सांगून चुकले होते. ते थांबले. हसून त्यांनी विचारलं, कशावरून म्हणता?

"पट्टीवरून. पुडक्याला ही चिकटपट्टी लावतात ना, तिच्यावर वाफ नीट बसली की काळे पट्टे उमटतात. ही कोरी आहे. सगळ्याच कोऱ्या आहेत."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. इस्पितळात निर्जंतुकीकरणाच्या खोलीत आहे. बावीस वर्षं झाली."

"अच्छा. म्हणजे हत्यारं धुता," विभागप्रमुख म्हणाले. ते काही वाईट मनाने म्हणाले नसतील, पण मागे दोघं-तिघं हसले. "ते बघायला आमची माणसं आहेत, बाई. तुम्ही इमारत बघा."

बाईंनी इमारत पाहिली. इमारत खरोखर पाहण्यासारखी होती.

बाहेर पडल्यावर त्या मुलीला म्हणाल्या, "मी उगाच बोलले. चार लोकांत शोभा झाली."  मुलगी पेन्सिलीचं टोक चावत होती. लहानपणापासूनची ही खोड, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. खारू गप्प बसली की समजायचं, आत काहीतरी कुरतडणं चालू आहे.

इस्पितळात बाईंना सगळे वाफेच्या बाई म्हणायचे. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे त्यांची खोली. दोन मोठी यंत्रं, एक लांब ओटा आणि भिंतीत एक खिडकी. खिडकीतून रक्ताने माखलेली हत्यारं आत यायची आणि स्वच्छ पुडकी बाहेर जायची. बावीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून एकही कोरी पट्टी बाहेर गेली नव्हती. याचं कौतुक कुणी केलं नाही. जे घडतच नाही त्याचं कौतुक कोण करणार?

सात वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा खारू दहा वर्षांची होती. शाळा सुटली की ती खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसायची. एकदा तिने विचारलं, "आई, जंतू दिसतच नाहीत, तर मग ते मेले हे तुला कसं कळतं?"  पट्टी काळी झाली म्हणजे मेले, एवढंच बाईंना ठाऊक. पोरीने तो प्रश्न सोडला नाही. तो धरूनच ती बारावीपर्यंत आली, आणि सूक्ष्मजीवशास्त्रासाठी दोन विद्यापीठांची पत्रं घरी आली.

एक हे जवळचं. नाव मोठं, बसने पाऊण तास. घरी राहून शिकता येणार. शिवाय बाईंच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर तिथल्या विभागप्रमुखांचे मित्र, आणि त्यांनी आपणहून शब्द टाकला होता. दुसरं विद्यापीठ आगगाडीने अकरा तासांवर. त्याचं नाव बाईंच्या भावाने तीनदा विचारून घेतलं आणि तिन्ही वेळा "कुठलं?" म्हणाला.

भावाच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. देव देतो आणि कर्म नेतो असं करू नका, एवढं बोलून त्याने विषय संपवला होता. पण खारूने हट्ट धरला की दोन्ही बघू, आणि हो-नाही करत बाई तयार झाल्या.

दुसरीकडे त्यांच्या स्वागताला कुणी नव्हतं. दरवानाने बोटाने इमारत दाखवली. भिंतीचा गिलावा पडलेला, वसतिगृहाच्या खोलीत चार खाटा आणि कोपऱ्यात ओल. बाईंनी त्या ओलीला हात लावून पाहिला आणि मनात एक फुली मारली. प्रयोगशाळेत बाह्या सरसावलेली एक चाळिशीची बाई काम करत होती. तीच तिथली शिक्षिका आणि तीच प्रयोगशाळेची प्रमुख. भिंतीला लागून वाफेचं जुनं यंत्र चालू होतं आणि त्याच्या दारातून बारीक सूं-सूं आवाज येत होता.

बाईंनी ठरवलं होतं की इथे तोंड उघडायचं नाही. पण आवाज ऐकून पाय आपोआप वळले. दाराशी कान नेऊन त्या म्हणाल्या, "रबर गेलंय."

"सहा महिने सांगतेय वर," शिक्षिका म्हणाली. "नवीन येईपर्यंत काही करता येईल का? तुम्हाला माहितीये?"

यंत्र थंड होईपर्यंत सगळे थांबले. मग बाईंनी दाराच्या कडेचं गोल रबर काढलं, खाचेतला मळ कापडाने पुसला, रबर उलटं करून पुन्हा बसवलं. कुठून दाबायला सुरुवात करायची, ते बोटाने दाखवलं. हे कायमचं नाही, महिनाभर चालेल, हेही सांगितलं. शिक्षिकेने तोवर शेजारच्या टेबलावरच्या पोरांना हाक मारून गोळा केलं होतं. एक जण चक्क वहीत लिहून घेत होता. त्या पोरांच्या घोळक्यात खारू उभी होती, आणि ती आईकडे बघत नव्हती. रबराकडे बघत होती. मग ती त्या पोरांशीच बोलत बसली. पहिल्या आठवड्यापासून यंत्राला हात लावू देतात, हे तिने तिथे विचारून घेतलं. जवळच्या विद्यापीठात ते शेवटच्या वर्षी होतं.

परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "बाई चांगली आहे. पण जागा वाईट. खोलीला ओल आहे, पोरी. छातीत कफ धरेल."

"हं," खारू म्हणाली.

 बाईंनी मनाशी जवळचं विद्यापीठ पक्कं केलं होतं. कोऱ्या पट्ट्या विसरल्या नव्हत्या, पण विसरायची तयारी चालवली होती. कुठे नसतो हलगर्जीपणा, असं त्या स्वतःला समजावत होत्या. खरं कारण ओल नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. गुरुवारी बाई कामावरून घरी आल्या तेव्हा खारू अंघोळीला गेली होती आणि टेबलावर जवळच्या विद्यापीठाचा होकाराचा अर्ज भरून ठेवलेला होता. अक्षर सुरेख. सही झालेली. शेवटच्या चौकटीत प्रश्न होता, आपण हे विद्यापीठ का निवडलं? चांगल्या सहा ओळींची जागा होती. खारूने तीन शब्द लिहिले होते: घरापासून जवळ आहे.

बाई खुर्चीवर बसल्या. हातातली पिशवी खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. हवं होतं तेच समोर होतं, आणि तरी त्यांना आपल्या बापाची आठवण आली.

खारू केस पुसत बाहेर आली तेव्हा अर्ज आईच्या मांडीवर होता.

"हे खरं कारण आहे?"

"खोटं काय आहे त्यात? पाऊण तास तर आहे."

"तुला तिकडे जायचं होतं. रबर बघत होतीस तेव्हाच मला कळलं."

"मला जायचं असून काय उपयोग? तू इथे एकटी."

"एकटी म्हणजे काय? मी काय आजारी आहे, का पांगळी आहे?"

"आई, तसं नाही गं."

"मग कसं आहे? हे बघ खारू, तुला ते मोठं नाव आवडलं असेल तर खुशाल जा. मी पेढीवरचा धनी नाही, तुझा निर्णय माझ्या परवानगीने व्हायला. पण माझ्या नावावर हे खपवू नकोस."

खारू टेबलाच्या कडेवर टेकली. बाईंनी मग तिला ते सांगितलं जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना सतराव्या वर्षी परिचारिकेच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला होता. घरात बाप आजारी, आई थकलेली, भाऊ नोकरीला नुकताच लागलेला. कुणी नको म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच पत्र फाडलं. मग सगळा गोतावळा म्हणायला लागला, किती गुणाची पोर.

"ते शब्द ऐकले की चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं. आप्पांची सेवा केली मी, मन लावून केली. पण त्यांना माफ नाही केलं. ते शेवटचे आजारी होते तेव्हाही नाही. त्यांनी तर मागितलंही नव्हतं माझ्याकडे काही." बाईंनी अर्जाची घडी केली. "तू इथे राहिलीस तर मला आवडेल. फार आवडेल. मला तेच हवं होतं, म्हणूनच नको. वीस वर्षांनी तू माझ्याकडे तसं बघितलेलं मला चालणार नाही."

"आणि ओल?" खारूने विचारलं.

"खाट भिंतीपासून हातभर लांब ओढायची. त्याला काय अक्कल लागते?"

दोघी हसल्या. हसता हसता खारूचे डोळे भरून आले, पण बाईंनी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ठरलेलं मोडलं असतं.

होकार दूरच्या विद्यापीठाला गेला, हे भावाला फोनवर कळवलं तेव्हा तो बराच वेळ बोलला. पोरीच्या हाती कोलीत दिलंस, उद्या नोकरी नाही मिळाली तर माझ्या दारात येऊ नकोस, असं बरंच काही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, माझ्या वेळी तू गप्प बसला होतास. आताही बसलास तर चालेल." आणि फोन ठेवला.

मोठ्या डॉक्टरांना सांगणं त्याहून अवघड होतं. नवरा गेल्यावर बाईंना कायमची सकाळची पाळी त्यांनीच लावून दिली होती, म्हणून तर शाळा सुटल्यावर खारूला आईपाशी येऊन बसता आलं. बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी शब्द टाकला होता, बाई. माझं तोंड कुठं राहिलं?"

"तुमचे उपकार आहेत, डॉक्टर. ते माझ्यावर आहेत आणि ते मी मानते. तिच्या डोक्यावर ते ठेवू नका."

"आणि त्या आडगावच्या कॉलेजात काय दिसलं तुम्हाला? विद्यापीठांतलं तुम्हाला काय कळतं?"

"काहीच नाही कळत. पण इथल्या विद्यापीठाच्या कपाटातली पुडकी वाफवलेली नव्हती, एवढं कळलं. सांगितलं तर मला इमारत बघा म्हणाले. तुम्ही ती पुडकी ऑपरेशनला घेतली असतीत का?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. मग चष्मा पुन्हा चढवला आणि समोरचे कागद ओढले.  बाई निघाल्या तेव्हा "दार लावून घ्या," एवढंच म्हणाले.

पुढच्या महिन्याच्या तक्त्यात बाईंचं नाव दुपारच्या पाळीत होतं. शेजारच्या परिचारिकेने हळहळून म्हटलं, जा, विनंती करून बघा. बाई गेल्या नाहीत. दुपारच्या पाळीलाही हत्यारं येतात, म्हणाल्या.

खारूला पोहोचवायला त्या स्टेशनवर गेल्या, तिची पेटी डब्यात चढवली, गाडी सुटल्यावर हात केला आणि वेळेवर कामाला हजर झाल्या. त्या दिवशी त्यांनी एक तबक दोनदा धुतलं, एवढंच काय ते वेगळं झालं.

दर वर्षी इस्पितळाच्या प्रवेशद्वाराजवळ एक यादी लागायची. कर्मचाऱ्यांच्या मुलांपैकी कोण कुठे शिकायला गेलं, त्यांची नावं. यादी लागली तेव्हा बाई कामावर जाता जाता तिच्यापुढे थांबल्या. सतरा नावं होती. खारूचं नव्हतं.

बाई आस्थापनेच्या खोलीत गेल्या. कारकून म्हणाला, राहून गेलं असेल. मग म्हणाला, यादी वरून येते. बाई हलल्या नाहीत. पाळी सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि तेवढा वेळ इथे घालवायची त्यांची तयारी आहे, असं त्यांनी सांगितलं. शेवटी त्याने संगणक उघडला आणि विद्यापीठाचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलं.

"हे कुठलं? कधी ऐकलं नाही."

"ऐकाल," बाई म्हणाल्या.

त्याने नाव लिहिलं, ते चुकलं. बाईंनी पडद्यावर बोट ठेवून वेलांटी दुरुस्त करायला लावली. नवा कागद छापून आल्यावर तो त्यांनी स्वतः नेला, जुना काढून त्या जागी लावला आणि चारही कोपऱ्यांत टाचण्या दाबल्या. अठरा नावं झाली. शेवटचं नाव त्यांनी पुन्हा एकदा अक्षर लावून वाचलं.

मग त्या जिन्यामागच्या आपल्या खोलीत गेल्या. खिडकीत हत्यारांचं पहिलं तबक येऊन पडलं होतं. बाईंनी हातमोजे चढवले.