कुलपातलं नाक

मित्रांनो, मी एक जुना, पीठ हुंगणारा डबा आहे. हसू नका. माझ्या झाकणाला आतून नाक आहे आणि इडलीचं पीठ नीट आंबलं की मी शीळ घालतो. एकदा पलीकडच्या इमारतीतलं पीठ हुंगून मी अशी शीळ घातली, की तिथल्या सगळ्या मजल्यांवर गॅस पेटले. पटत नसेल तर राहू द्या.

पुण्याहून आलेल्या वेदांत आणि शमिकाने नोकऱ्या सोडून मला व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर घडवलं. मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं तर त्यांची कंपनी चालणार होती. नाही तर महिनाअखेर शमिका पुण्याला जुन्या नोकरीवर परतणार होती.

कुणी कल्पना चोरेल या धास्तीने वेदांतने मला फोमच्या सुटकेसमध्ये घालून कुलूप लावलं. आत इतका अंधार, की फोमखेरीज दुसरा वास मला आठवेना. हॉटेलवाल्यांना तो मेल पाठवायचा, पण गुपित फुटू नये म्हणून मी काय करतो तेच लिहायचा नाही. उत्तर कोण देणार? चुकून कुणी बोलावलंच, तर माझ्यात पीठ भरून कॅबने निघायचा. ट्रॅफिकमध्ये पीठ फुगायचं आणि मी कोंडल्या जागीच शीळ घालायचो. एका ड्रायव्हरने तर पोलीस समजून गाडी कडेला घेतली. हॉटेलात पोहोचेपर्यंत पीठ आंबटढाण, मी गप्प. की पुन्हा कुलूप.

शेवटी चामराजपेटला पीठ विकणाऱ्या हेमलताअक्कांनी बोलावलं. वेदांतने मला उघडून दाखवलं आणि लगेच आत ठेवायला लागला. अक्कांनी झाकणावर हात ठेवला. आठवडाभर माझ्या पिठात राहू दे, मग बघू, असं त्यांचं म्हणणं.

"अक्का, एकच पीस आहे. आत काय आहे ते कुणी बघितलं तर?"

"बघून मी काय कारखाना काढू? तुमचा माझ्यावर नाही, मग माझा तुमच्या डब्यावर विश्वास कसा बसायचा?"

शमिकाने रिकामी सुटकेस बंद केली आणि वेदांतच्या हातात दिली.

दुसऱ्याच दिवशी मी तोंडघशी पडलो. अक्कांनी सांबाराला फोडणी दिली, हिंगाच्या वासाने मी भलत्या वेळी शीळ घातली. त्या पिठाच्या इडल्या इतक्या टणक झाल्या, की एक खाली पडली तर फरशीला तडा गेला. अक्कांचा फोन आला. डबा चुकीच्या जागी ठेवला असेल, असं सांगून मला परत आणायचं वेदांतने ठरवलं. शमिकाने फोन घेतला.

"अक्का, चूक डब्याचीच आहे. आज तुमच्या हाताचं ऐका. आम्ही तिथे बसूनच दुरुस्त करतो."

पलीकडून अक्कांनी कानडीत होकार भरला, "सरी, या. फोन उचलून चूक कबूल करणारं पहिलंच कुणी भेटलं मला."

अक्कांच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर माझे स्क्रू निघाले. वेदांतने बिचकत आतलं गुपित दाखवलं. अक्का वाकून बघत म्हणाल्या, "एवढंच होय?" पुढे आठवडाभर मी हिंगाला फसलो नाही, तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतलं आणि मल्लेश्वरमच्या बहिणीसाठीही एक डबा सांगितला. शमिकाने पुण्याच्या नोकरीला नकार कळवला.

मित्रांनो, आता मी डागाळलोय. माझं नाक रोज पुसा, त्यावर पिठाचे थर चढू देऊ नका. आणि तुम्ही काही नवं, अर्धंमुर्धं केलं असेल तर ते चारचौघांत वापरू द्या. चुकेल, लोक हसतील. पण हिंगाचा वास आहे तरी कसा, हे मला त्या अंधारात कधी कळलं असतं?