गॅसनं आंग चोरलं

"खरं सांग परभे, पहाटंचा चहा कशावर उकळून राह्यलीस तू?"

प्रभावती शेणाची पाटी घेऊन गोबरगॅसच्या खड्ड्यापाशी आली, तोच थोरल्या जावेनं, द्वारकाबाईनं तिला अडवलं. पौषातली थंडी होती. हरभऱ्यावर दव साचलेलं आणि दोघींच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"कशावर म्हंजे? चुलीवर, आक्का. तुराट्या जाळून."

"तुराट्या म्हणं! मंग टाकीवरची ही गेरूची रेघ पाह्य. काल ही काठाबराबर होती. आज चार बोटं खाली बुडली. रातच्यातून गॅसला काय पाय फुटले का?"

दोघा भावांची वाटणी होऊन शेत, गोठा, अंगण सगळं दोन जागी झालं होतं. गोबरगॅस तेवढा एकत्र राहिला, कारण तो कापता येत नव्हता. शेण दोघींनी टाकायचं आणि सकाळी आधी द्वारकाबाईनं शेगडी पेटवायची, मग प्रभावतीनं. रात्रीचा स्वयंपाक उन्हं असतानाच उरकून कॉक बंद करायचा. शेणाच्या खड्ड्यात काळी लोखंडी टाकी उपडी तरंगत असे. गॅस भरला की ती वर येई, जाळला की खाली बसे. थंडी पडल्यापासून द्वारकाबाईची शेवटची भाकर अर्ध्यातच कच्ची राहू लागली होती, आणि पोटातला राग बाहेर यायला कच्ची भाकर पुरते.

"आक्का, तुमी मला चोर म्हणता?"

"मी कशाला म्हणू? रेघ म्हणून राह्यली."

तुरीच्या खळ्यावर निघालेल्या बाया थांबल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. "चोराच्या मनात चांदणं, बाई," कोणीतरी म्हणालं आणि खुसखुस झाली.

प्रभावतीनं शेणाची पाटी खाली ठेवली. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला भाकर थापता येत नव्हती. द्वारकाबाईनंच तिचा हात हातात धरून शिकवलं होतं. बाळंतपणात तिच्या उशाशी बसली होती. माहेर आटलं तेव्हा हीच आई झाली होती. आणि आज तिनंच गुपचूप रेघ मारून पाळत ठेवावी?

प्रभावतीचा नवरा कचरू लिंबाची काडी चावत गोठ्याच्या दाराशी उभा होता. प्रभावतीनं त्याच्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "कशाला वाढवती? चुकलं म्हण अन् व्हय मोकळी."

"न केलेल्याचं चुकलं म्हणू?"

तो काडी थुंकून बैल सोडायला गेला.

दुपारी प्रभावती मारुतीच्या मंडपात गेली. तिथं भागवत गुरुजी पोरांना शिकवत बसले होते. त्यांची शाळेतली नोकरी कधीच संपली होती, पण पोरं जमवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. तिनं त्यांना रेघेचं सगळं सांगितलं.

"गुरुजी, मला न्याव नको. गॅस कुठं जातो तेवढं सांगा."

गुरुजींनी घाई केली नाही. "रेघ मारतात कव्हा?"

"उन्हं असताना, सैपाक झाला की, असं आक्का म्हणल्या."

"अन् पाहतात कव्हा?"

"तांबडं फुटताना."

"हां," गुरुजी म्हणाले आणि पोरांकडं वळले. काचेची रिकामी बाटली मागवली. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणलेला एक फुगा तिच्या तोंडावर ताणून बसवला. बाटली ऊन पाण्याच्या घमेल्यात ठेवली. लोंबणारा फुगा हळूहळू उठून ताठ उभा राहिला. पोरं ओरडली. मग तीच बाटली रांजणाच्या गार पाण्यात. फुगा पुन्हा मलूल होऊन कलंडला.

"आतली हवा कोणी काढली का रे?"

"न्हाई!"

"मंग फुगा का बसला?"

"हवेला थंडी वाजली, गुरुजी!" एक चिमुरडी म्हणाली.

"शाबास! थंडीत आपण गोधडीखाली आंग चोरून झोपतो, तेव्हा आपलं वजन घटतं का? न्हाई. जागा कमी लागते. हवेचं तसंच, गॅसचंबी तसंच. गरम झाला की पसरतो, गार झाला की आंग चोरतो." ते प्रभावतीकडं पाहून हसले. "चोरी झालीच पोरी. पण गॅसनं आपलं आंग चोरलं. त्यात थंडीचं नवा गॅसबी कमीच निघतो, म्हणून खोट भरून येत न्हाई."

द्वारकाबाईला हे पटलं नाही. "बाटली म्हंजे टाकी व्हय? हे पोरांना शिकवा गुरुजी, मला नगं."

"बिलकुल नगं," गुरुजी म्हणाले. त्याच दिवशी, सैपाक उरकल्यावर उन्हं असतानाच, ते स्वतः आले. काठाबरोबर नवी रेघ मारली, कॉकला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांत चूल पेटली.

सकाळी रेघ खाली बुडालेली. "बघा!" द्वारकाबाई म्हणाली.

"थांबा. ऊन येऊ द्या."

ऊन वर चढलं तशी काळी टाकी तापली. हात लावला तर चटका बसावा इतकी. आणि बुडालेली रेघ हळूहळू वर आली, काठाला लागली, काठाच्याही वर गेली. जमलेले लोक वाकून वाकून पाहत होते.

"द्वारकाबाई," गुरुजी म्हणाले, "चोर दुपारी गॅस परत आणून टाकतो का हो?"

हशा पिकला. द्वारकाबाईचं तोंड उतरलं. तिनं सगळ्यांदेखत प्रभावतीचा हात धरला.

"चुकलं गं माझं. पण सगळा दोष माझ्या डोक्यावर नगं टाकू. या गुडघ्यांनी मला खड्ड्यावर वाकता तरी येतं का? रेघ रोज कचरूच मारीत व्हता. त्योच म्हणला, वैनी, पहाटं उठणारी तर परभीच हाये."

हसणं थांबलं. प्रभावतीनं वळून पाहिलं. कचरू बैलाच्या गळ्यातली दोरी उगाच सोडत-बांधत होता.

लोक पांगल्यावर तो घरात आला. "झालं ना आता? नाव साफ झालं तुझं. मंग तोंड कशाला पाडलं?"

प्रभावतीनं त्याच्यासमोर ताट ठेवलं. भाकर, वरण, कांदा, रोजच्यासारखं सगळं.

"गॅसचं तुमाला ठावं न्हवतं, ते बराबर हाये. त्याला गुरुजी लागतात. पण माझं? माझंबी कुलूप लावूनच पाहावं लागलं व्हय तुमाला?"

कचरूनं घास उचलला, पुन्हा ताटात ठेवला.

प्रभावतीनं आपली भाकर कपड्यात बांधली आणि अंगण ओलांडून द्वारकाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. द्वारकाबाई चपापली.

"इकडं जेवती? माझ्याकडं?"

"वाढा आक्का थोडं वरण," प्रभावती म्हणाली. "तुमी चोर म्हणल्या, पण तोंडावर म्हणल्या."