शर्यतीचा रुमाल

त्या जुन्या संगीत नाटकाच्या दुसऱ्या अंकात घोड्यांची शर्यत होती, आणि घोडा एकही नव्हता. होणाऱ्या सासऱ्याचे पैसे नायक एका म्हाताऱ्या घोड्यावर लावून बसलेला. मंडळी नटूनथटून प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहत आणि गात गात डावीकडून उजवीकडे माना वळवत. सगळ्या माना एकदम वळल्या तरच घोडे धावत.

यॉर्कशरमधल्या त्या गिरण्यांच्या गावात माना एकदम वळवायचं काम क्लेमंट ओल्डरॉइडचं. बॅटरीवर पांढरा रुमाल बांधून तो बाल्कनीच्या मागच्या भिंतीलगत चालत जाई. प्रेक्षकांची त्याच्याकडे पाठ. मंचावरच्यांना अंधारात तेवढा एक ठिपका दिसे. मंचावर यायचा आग्रह झाला, की म्हणे, "मला वरूनच बरं." त्याची मुलगी हेस्टर पहिल्या रांगेत उभी राहून गाई, आणि दर वेळी तिला वाटे, बाबांचा जन्म अंधारात गेला.

फेब्रुवारीत क्लेमंट गेला. एप्रिलमध्ये नाटक पुन्हा आलं.

"मनातल्या मनात ताल मोजा," दिग्दर्शक हेग म्हणाले. तालमीत ज्याची मान त्याच्या मर्जीनं वळली.

"शर्यत आहे की खुराड्यातून कोंबड्या सुटल्यात?" मूरिएल थ्वेट म्हणाली. समूहातली ती सगळ्यात जुनी.

"वर कुणालातरी उभं करतो."

"कुणालातरी? क्लेमंट खांबापाशी क्षणभर थांबायचा. अख्ख्या थिएटरचा श्वास अडकायचा. कला होती ती."

"मी जाते," हेस्टर म्हणाली आणि तिनं डोक्यावरची हॅट मूरिएलच्या हातात दिली.

"अगं, मग पहिल्या रांगेत कोण?"

"तुम्ही जरा पसरून उभ्या राहा, मावशी. तुम्हाला काय अवघड आहे?"

"जीभ बापाचीच," मूरिएल म्हणाली. मग आवाज उतरवून, "तिथं एकटीला झेपेल ना गं?"

"बघू."

रुमाल बाबांच्या कोटाच्या खिशात होता, तंबाखूच्या वासासकट. तिनं तो धुतला नाही.

शनिवारी दुपारच्या खेळाला वाद्यं सुरू झाली आणि हेस्टर भिंतीलगत चालू लागली. खाली बघते तर मंचावरचे सगळे चेहरे तिच्याकडे. उजळलेले, आशेनं फुललेले, ती जाईल तिकडे वळणारे. मूरिएल तर टाचा उंचावून बघत होती. बाबांना इतकी वर्षं हे दिसत होतं तर. आणि या चेहऱ्यांत तिचाही असायचा, पहिल्याच रांगेत.

खांबापाशी तिचा पाय एकदम खाली गेला. तिथं एक पायरी होती. ती अडखळली, भिंत धरून थांबली. खाली सगळ्या माना जागच्या जागी थिजल्या. प्रेक्षकांतून कुणीतरी पुटपुटलं, "चल की रे म्हाताऱ्या."

हेस्टरला हसू फुटलं. अंधारात तोंडावर हात धरून ती पुढे निघाली आणि म्हातारा घोडा जिंकला.

खेळानंतर मूरिएल हॅट घेऊन आली. डोळे पुसत म्हणाली, "अगदी त्याच जागी थांबलीस, पोरी. शिकवून येत नाही हे."

पायरीचं हेस्टरच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते तिथंच ठेवलं.

"उद्या वर दुसरा माणूस देतो," हेग म्हणाले. "तू आपल्या जागेवर ये."

"हॅट मावशींनाच शोभते," रुमालाची घडी घालत हेस्टर म्हणाली. "मला वरूनच बरं."