सात नंबरला हात लावू नका

मी चिठ्ठी बोलतेय. काल सकाळपासून माझा जीव ठिकाणावर नाही, तेव्हा सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

तळहाताएवढा पिवळा कागद आणि त्यावर निळ्या पेनाने एकच ओळ: सात नंबरला हात लावू नका. खाली सही नाही, तारीख नाही. नऊ वर्षं मी एका मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने डकवलेली होते. सात नंबर म्हणजे भाड्याने घेतलेला एक सर्व्हर. त्याचं यंत्र कुठल्याशा परक्या गोदामात, आमच्या ऑफिसात दिसतं ते फक्त त्याचं नाव. आता ज्याला अंगच नाही त्याच्यावर पाटी लावायची कुठे? म्हणून लावली मॉनिटरला. माणसांचं डोकं कधी कुठे चालेल, सांगता येत नाही.

मला लिहिलं ताईंनी. ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणतात. आमच्या ऑफिसाचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठ वाजता फोन करून औषधाची आठवण द्यायची. पूर्वी हे फोन चार नंबरचा सर्व्हर लावायचा. एकदा ताईंना चौदा नंबर डिलीट करायचा होता. घाईत एक आकडा टाइप करायचा राहिला आणि चौदाऐवजी चार नंबर गेला. सगळे सर्व्हर सांभाळणारं जुनं सॉफ्टवेअर हुकमाचं ताबेदार. सर्व्हर उभा कर म्हटलं की दोन-तीन दिवस घोळ घालायचं, पण उडव म्हटलं की पापणी लवायच्या आत उडवायचं. "नक्की ना?" एवढंसुद्धा विचारायचं नाही.

नवा सर्व्हर उभा राहीपर्यंत तीन दिवस ताईंनी एकेकाला स्वतः फोन केले. तेवढ्यात म्हाताऱ्यांना त्यांच्या आवाजाची अशी सवय लागली, की सात नंबरमध्ये त्यांचाच आवाज भरावा लागला: "नमस्कार, गोळी घेतलीत का?" गडबडीत हाताने उभा केलेला हा सात नंबर सॉफ्टवेअरच्या यादीत नोंदवायचा मात्र राहिला. ताईंनी नोंदीऐवजी मला लिहिलं आणि निर्धास्त झाल्या.

पुढे नऊ वर्षं कुणी हात लावला नाही, ना त्याला ना मला. साफसफाईच्या मावशीसुद्धा मॉनिटर पुसताना मला वळसा घालायच्या. मी अगदी तोऱ्यात होते हो! गेल्या आठवड्यात चिकटपट्टी वाळली आणि मी टेबलामागच्या फटीत पडले. कुणाला पत्ताही लागला नाही.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. ते चालवायला बसला दाढीवाला. हा ताईंच्या हाताखाली दोन वर्षं काम करतोय, सरळ माणूस आहे आणि पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचायची त्याला सवय. त्यामुळे फटीत पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं. पहिलाच सर्व्हर चार मिनिटांत उभा राहिला. मी आ वासून ऐकत राहिले. मग कळलं, की हे नवं व्हर्जन काय उभं करणार, काय उडवणार ते आधी दाखवतं, आणि परवानगी मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. नोकराने उलट विचारावं आणि मालकाने खूश व्हावं, हे मी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं.

परवा ताई रजेवर होत्या. त्यांच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी निघायच्या आधी दाढीवाला वाचायला लागला, "यादीत नसलेले सर्व्हर, एक. सात नंबर. काढून टाकायचा का?"

तो सात नंबर म्हणजे माझाच!

"सात नंबर..." तो थबकला. "अरे, इथली चिठ्ठी कुठे गेली? ताईंनी काढली वाटतं. म्हणजे संपलं याचं काम."

"अहो, काढली नाही, मी पडलेय!" मी जीव तोडून ओरडले. पण कागदाचा आवाज तो केवढा! त्याने मोबाइल हातात घेतला, तेव्हा मला जरा धीर आला. पण लगेच म्हणाला, "नको, आज ऑपरेशनच्या गडबडीत असतील बिचाऱ्या." आणि बटण दाबून मोकळा झाला.

काल सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी ऑफिसातला फोन खणखणला. "तुमच्या बाई आज बोलल्या नाहीत. मी गोळी घेऊ का नको?" तो ठेवतोय तोच दुसरा, मग तिसरा. दाढीवाल्याला काही उमजेना. तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर ताईंचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"अरे, आज फोन का नाही गेले? बाबा गोळी घेत नाहीयेत. मी समोर बसून सांगतेय, तर म्हणतात, तू नको सांगूस, फोन येऊ दे."

"ताई, ते फोन कुठल्या सर्व्हरवरून जातात?"

"सात नंबर. दुसरा कुठला?"

फटीतून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. ते घाईघाईने मॉनिटरसमोर आले.

"ताई... तो मी काल काढून टाकला."

पलीकडून एकदम हळू आवाज आला, "चार नंबरसारखा?"

"चिठ्ठी नव्हती ना, ताई. मला वाटलं, तुम्हीच काढलीत."

"मी कशाला काढू? दोनशे चौदा माणसं आहेत रे त्यावर!"

पायाखालची वाळू सरकली म्हणावं, तर मला पाय नाहीत. पण जमिनीवर पडलेली असूनही मी आणखी खाली चालले, असं मला वाटलं.

"थांबा, थांबा," दाढीवाला पडद्यावरचं वाचायला लागला. "इथे काहीतरी आलंय. काढलेला सर्व्हर तीस दिवस झोपवून ठेवला आहे. उठवायचा का?"

"अरे, मग मला काय विचारतोस? उठव!"

सात नंबर उठला आणि उठल्याउठल्या राहिलेले फोन लावायला लागला. स्पीकरमधून आधी बाबांच्या फोनची घंटी ऐकू आली, मग बाबांचं "हॅलो", आणि मग ताईंचा नऊ वर्षांपूर्वीचा आवाज: "नमस्कार, गोळी घेतलीत का?"

"घेतो, घेतो," बाबा म्हणाले. "किती उशीर केलास आज!"

आजच्या ताई मात्र हुंदके देत होत्या.

आज त्या ऑफिसात आल्या, टेबल ओढलं आणि मला बाहेर काढलं. दाढीवाला मान खाली घालून उभा.

"एक फोन करायचा होतास."

"हो ताई."

"आणि मी नोंद करायला हवी होती. नऊ वर्षं कागदावर भागवलं." त्या खुर्चीत बसल्या. नव्या व्हर्जनमध्ये सर्व्हर कुणी उडवू नये म्हणून त्याला कुलूप लावता येतं म्हणे. लावायला गेल्या, तर ते म्हणालं, आधी कारण लिहा.

दाढीवाला चाचरत म्हणाला, "ताई, दोन वर्षं मी रोज ही चिठ्ठी वाचली. हात लावायचा नाही एवढं कळलं. का, ते कधी कळलंच नाही."

कालपासून इतके धक्के खाल्ले, पण हा सगळ्यांत मोठा होता. मला वाटायचं, मी पहारा करतेय. मी तर नुसती दटावत होते! विचारावं असं कुणाला वाटलं नाही, आणि सांगावं असं मला सुचलं नाही. मला लाज वाटली.

"तूच लिही कारण," ताईंनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

त्याने लिहिलं, आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं: "रोज सकाळी आठ वाजता दोनशे चौदा म्हातारी माणसं या आवाजाची वाट बघतात. त्याशिवाय गोळी घेत नाहीत. त्यांतले एक ताईंचे बाबा आहेत."

आता मी कचऱ्याच्या टोपलीत आहे. ताईंनी टाकताना क्षणभर हातात धरलं, एवढं मला पुरे. तुम्ही कुठे चिठ्ठी लावाल, तर बाबांनो, तिच्यावर 'का' तेही लिहा. जागा नसेल तर मोठा कागद घ्या. संध्याकाळी मावशी टोपली रिकामी करतील. उद्या आठ वाजता मी कुठे असेन, ठाऊक नाही. बाबांचा फोन मात्र वाजेल.