प्रतापचं आवतण

मंजुळाचा आवाज लहान. तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात लग्नाचे धवले, म्हणजे विधीची गाणी, जुनी धवलारीण माई म्हणायची आणि मंजुळा तिच्यामागे ओळ धरायची. हळदीआधी धवलारीण देवांना गाण्यातून आवतण देते, मग त्या घरातल्या मेलेल्यांना, नाव घेऊन. बाकीच्या बायका प्रत्येक ओळ परत म्हणतात. लग्नघरच्या आईने ओळ परत म्हटली की त्या माणसाला आवतण पोचलं असं आमच्याकडे मानतात.

माईचा गळा बसला आणि पुढे म्हणायचं मंजुळावर आलं. सुरुवातीला ती माईसारखी ओरडायला गेली आणि फसली. मग तिने ओरडणं सोडलं. हळूहळू स्वतःच्या ओळी जोडू लागली. नुसत्या नावाऐवजी माणूस सांगायची: जाळं विणता विणता झोपणाऱ्या आजोबा, या. पोरांना मारून मग स्वतःच रडणाऱ्या आत्ये, ये.

"धवला हाय का चुगल्या गं?" बायका हसायच्या. पुढे त्याच तिला बोलवायला येऊ लागल्या. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण ती म्हणायला लागली की मांडव गप्प व्हायचा, एवढं पाहिलं आहे.

वीजघराच्या बांधकामाचे सुरुंग वाजत होते त्या दिवसांत विजयाचं लग्न निघालं. तिचा भाऊ प्रताप आदल्या हंगामात होडी घेऊन गेला तो परतला नव्हता. प्रेतही मिळालं नव्हतं.

मांडवात शिरतानाच प्रतापच्या आईने, शालूने, मंजुळाला अडवलं. "मेल्यांत माज्या पोराचं नाव घेशील तर तोंड फोडीन तुजं."

बाप कृष्णकांत मागून म्हणाला, "नाय घेतलं तर तो भायेरच राहील. बहिणीची हळद हाय, मंजुळे."

"दादा, मी करू काय मग?"

कृष्णकांत मांडवात जाऊन बसला.

मंजुळाने देव बोलावले, आजे-पणजे बोलावले. प्रतापची पाळी आली तेव्हा थांबली आणि त्याला ओलांडून मेलेल्या काकाच्या ओळीवर गेली. बायकांनी ती ओळ म्हटली. शालूने म्हटली नाही. मंजुळाने ओळ पुन्हा दिली. शालू खाली बघत गप्पच. आवतण तिथेच अडलं.

मग शालूनेच तोंड उघडलं. बेसूर, पण मंजुळाच्याच चालीवर: "भातावर मीठ मागून घेणाऱ्या प्रतापा, ये रे."

कृष्णकांत उठून मांडवाबाहेर गेला. एकट्या मंजुळाने ती ओळ परत म्हटली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा बायकाही मागून म्हणू लागल्या.

शालूने पदराने तोंड पुसलं.

"म्हन आता पुढचं," ती म्हणाली. "पोरीची हळद सुकते."