सातवी काठी

"हत्यार निवडणं सोयरीक जुळवण्यापरीस जोखमीचं काम हाय," आश्रुबा वस्तादांनी धारूरच्या तालमीत जाहीर केलं. "बायको रुसली तर माहेरी जाती. तलवार रुसली तर माणूसच वर जातो."

समोर तलवार नव्हतीच. तालमीतल्या सटवानं डोंगरातून आणलेले सात वेळू होते. तोडून त्यांवर बकऱ्याचं कातडं चढवलं की सरावाचे गदके तयार. जुने गदके होते, पण तालीम वर्षभर बंद राहिली आणि तेवढ्यात तालमीच्या कुत्र्यानं ते निवडून निवडून खाल्ले.

दसरा चार दिवसांवर आला होता. पूजेला गदके नसले तर पोरं पेठेतल्या तालमीत जाणार, हे वस्तादांना ठाऊक होतं.

मापाचा रिवाज साधा. गड्यानं अनवाणी उभं राहायचं. काठी बेंबीला लागली की तिथंच कोयता. वस्ताद मात्र कुणाला उभं करेनात. वेळू तळहातावर तोलायचे, टिचकी मारून ऐकायचे, डोळे मिटायचे आणि खटकन तोडायचे. डोळे मिटून मापणारा वस्ताद पंचक्रोशीत दुसरा नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

सातही काठ्या भिंतीला टेकवल्या. शेंडे एका रेषेत, रंधा मारल्यासारखे.

पोरांनी काठी अंगाला लावून पाहिली. उंच पंडितच्या ती मांडीशीच थांबली. बुटक्या गहिनीनाथच्या छातीला लागली. कुणी हसलं नाही. हे माप वस्तादांच्या पोराचं, बंकटचं. तो गेल्या साली मानमोडीच्या तापात चार दिवसांत गेला. दरसाल पहिली काठी त्याच्यावरच मापली जायची. आणि तालमीत गडी आता सहाच होते.

वस्तादांना कळायला जरा उशीर लागला. कळलं तसे ते मातीतच बसले.

"लांब असती तर तोडता आली असती," सटवा हळू म्हणाला. "आता जोडता येत न्हाई, वस्ताद."

"जावा पोरांनो पेठंत," वस्ताद म्हणाले. "माझ्या हाताला एकच माप उरलंय."

पंडितनं काठी उचलली आणि गुडघ्यात वाकून पवित्रा घेतला. "मी वाकून खेळतो की."

मग बाकीच्यांनीही एकेक उचलली. भिंतीला एक उरली, दाराशेजारची.

भाकरी घेऊन आलेली साखराबाई, बंकटची आई, उंबऱ्याबाहेर उभी होती. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, म्हणून तिनं नुसता हात आत घातला. काठीच्या शेंड्यावर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"आवं, ही मला द्या," ती म्हणाली. "कातडं नका चढवू. शेळी लई माजलीय."